स्टील की सिरॅमिक

माणसाच्या आयुष्यात खरे निर्णय दोनच, असं भावजी म्हणतात: लग्न आणि ब्रेक. लग्नाला त्यांनी दहा मिनिटं दिली होती. ब्रेकला तीन आठवडे झाले होते. नव्या स्पोर्ट्स कारचा ऑर्डर फॉर्म त्या दिवशी पाचला बंद होणार होता आणि त्यात एकच रकाना रिकामा होता: ब्रेकच्या डिस्क स्टील की सिरॅमिक.

शोरूममध्ये भावजींना बसवेना. "दोनशेच्या वेगाने उतारावर आलो, की स्टील तापून हात टेकणार," ते मला म्हणाले. "सिरॅमिक तापलं तरी कामाचं राहतं."

"तुमच्यासारखं नाही," ताई म्हणाली.

पावणेपाचला वर्कशॉपमधला मेकॅनिक हात पुसत आला. भावजींनी उतार, वेग, तापमान सगळं एका दमात सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, सध्याची गाडी महिन्याला किती चालते?"

भावजी फॉर्म वाचू लागले.

"चालत नाही," ताई म्हणाली. "ओरखडा येईल म्हणून बाहेरच काढत नाहीत. रोज पुसतात आणि परत कव्हर घालतात."

"मग डोळे झाकून सिरॅमिक घ्या."

"बघ, जाणकार माणूस," भावजींनी मला कोपर मारलं. "वेगासाठीच ना?"

"नाही. गाडी उभी राहिली की स्टीलच्या डिस्कला गंज चढतो. सिरॅमिकला चढत नाही."

भावजींनी थाटात सिरॅमिकवर खूण केली.

गाडी येऊन आता वर्ष झालं. ती शोरूमपासून घरापर्यंत, एकूण नऊ किलोमीटर चालली आहे.