सुईला चाटून गेलेले बुडबुडे

दादा सगळ्यांना हसत सांगायचा, "आमची धाकटी बुडबुडे मोजते." त्यात खोटं काही नव्हतं. सहा वर्षं ती तेच करत होती.

प्रयोगशाळेत दोन पुरुष उंचीची काचेची नळी होती. तिच्यातून पाणी आणि हवा एकत्र वर चढायची. मधोमध केसाहून बारीक टोकाची सुई, विजेवर गरम ठेवलेली. पाणी जितक्या जोरात तिच्यावरून जाईल तितकी ती जास्त उष्णता गमावते, आणि त्यावरून पाण्यातली खळबळ मोजता येते. बुडबुडा सुईवर आला की उष्णता जाणं थांबतं आणि आलेखात खड्डा पडतो. हे खड्डे वगळायचे आणि उरलेलं मोजायचं. बारीक बुडबुड्यांमुळे खळबळ दुपटीने वाढते, हा तिच्या मार्गदर्शक सरांचा शोध. तिचा प्रबंध त्यावरच उभा होता.

प्रबंधात चांगली छायाचित्रं हवीत म्हणून तिने शेजारच्या विभागातून वेगवान कॅमेरा मागून आणला. दुपारी चित्रण हळू करून पाहिलं. बुडबुडे सुईपाशी येत होते, चपटे होत होते, आणि न फुटता तिला चाटून निघून जात होते. त्या क्षणी आलेखात खड्डा नव्हता, नुसता उथळ खळगा होता. तिची संगणकावरची आज्ञावली त्याला बुडबुडा समजतच नव्हती, पाण्याची खळबळ म्हणून मोजत होती.

तिने जुन्या नोंदी काढल्या आणि तसले खळगे वगळायला सुरुवात केली. आठवडाभरात वाढलेली खळबळ उतरत उतरत नुसत्या पाण्याइतकी झाली. शोध म्हणून काही उरलाच नाही.

सरांनी चित्रण तीनदा पाहिलं, चष्मा पुसला, आणि सगळ्या नोंदी मागून घेतल्या. चौथ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं.

"तुझं बरोबर आहे."

"सर, माझंच कुठेतरी चुकत असेल."

"नाही गं. चौदा वर्षं माझंच चुकत होतं. कॅमेरा लावायचा दर वर्षी मनात यायचं. पण आलेख इतके छान येत होते, की लावला नाही."

त्यांनी तिच्यासमोरच पत्र लिहिलं आणि आपले पाच लेख मागे घेतले. निवृत्तीला दोन महिने होते. विद्यापीठाच्या समितीने तिला सांगितलं, की नवा विषय आणि नवे मार्गदर्शक घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी. मार्गदर्शक व्हायला कोणीच तयार झालं नाही. जो तो नळीपासून चार हात लांब राहू लागला.

आई नातेवाइकांत तिला आतापासूनच डॉक्टर म्हणायची. मावशी तर फोनवर तिला कंबरदुखीचं औषध विचारायची. शेवटी तिने आईला सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग सहा वर्षं तू मोजत काय होतीस?"

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

निवृत्तीच्या निरोप समारंभाला सर आलेच नाहीत. पुढच्या रविवारी ती त्यांच्या घरी गेली. सरांच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ते झोपलेत," काकू म्हणाल्या, आणि नजर वळवली.

तिने पाणी संपवलं. आपण त्यांना हे सांगितलं नसतं तर, असं तिच्या मनात आलं. मग ती उठली आणि चपला घालून जिना उतरू लागली. खालच्या पायरीवर पोचली तरी वर दार बंद झाल्याचा आवाज आला नव्हता.