झटका देऊन पाहिलेली स्प्रिंग

राजदीप दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं नुसती लाल होती. "तळणाचं तेल उडालं," असं त्यानं सांगितलं आणि मायनं, बिचारीनं, ते खरं मानून हळद लावली. पण तेलाचा फोड काय आठवडाभर वाट पाहतो? आज ती बोटं टरटरून फुगली, आणि ती पाहून रंजिताला वेगळाच संशय आला.

रंजिता त्याची मोठी बहीण. अणुभट्टीतून काढलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हे तिचं काम. राजदीप दूरच्या एका अणुभट्टीत दुरुस्तीच्या गँगमध्ये. बोदलकसा तलावाच्या काठावरून उठून दोघं एकाच कामात शिरली, याचं मायला कोण कौतुक!

तिनं त्याला परसात गाठलं. "खरं सांग. हातात काय घेतलास?"

"कायले मागं लागून राहिली ताई?" तो उखडला. मग मटकन खाली बसला. "स्प्रिंग मोडली."

ही स्प्रिंग निकेलच्या मिश्रधातूची, भट्टीच्या पोटात वर्षानुवर्षं बसलेली. ती सावकाश ओढा, असं साहेबांनी बजावलं होतं. पण गँगमधली पोरं सगळी तलावाकाठची. जाळ्याच्या दोराला आधी एक झटका द्यायचा, टिकला तरच भरवसा टाकायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. राजदीपनं लांब चिमट्यानं स्प्रिंग धरली आणि दिला झटका. कडकन मोडली! एक तुकडा पायाशी पडला, तो यानं हातमोज्यानं उचलून भंगाराच्या डब्यात टाकला. किरण मोजणारा बॅज तर लॉकरमध्येच होता. बॅजवर किरणांची मर्यादा भरली की घरी बसवतात, म्हणून सगळेच तो काढून ठेवत.

"चांगली चकचकीत होती ना ताई. मोडलीच कशी?"

"वरून चकचकीतच दिसते रे बावळटा!" रंजिता ओरडली. "न्यूट्रॉन आदळून आदळून आतले अणू जागचे हलतात. निकेलातूनच हेलियम तयार होते, त्याचे बुडबुडे धातूच्या कणाकणाच्या शिवेवर साचतात. खेकड्यानं शेताच्या धुऱ्याले भोकं पाडली तर धानाच्या बांधीत पानी ठरते का? तसंच ते. अन् तो तुकडा स्वतःच किरण फेकत असते. तुझा हातमोजा काय कपाळ अडवणार त्याले!"

तिनं फोन काढला. आधी डॉक्टरांना, मग भट्टीच्या साहेबांना कळवायचं होतं. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"सायबाले नोको सांगू. सगळ्या गँगले काढतील."

"अन् तुझा हात गेला तर? जीव गेला तर?" तिला रडू फुटलं.

त्यानं तिचं मनगट सोडलं. मग एकदम म्हणाला, "ताई, उडालेला दुसरा तुकडा मले भेटलाच नाही. आता माझ्या जागी गुलशन आहे तिथं."

गुलशन म्हणजे त्याचा शाळेपासूनचा जिवलग. राजदीपनं स्वतःच फोन हिसकला. सुजलेल्या बोटांनी नंबर चुकत होता. शेवटी तिनं लावून दिला. जेवणाच्या सुट्टीत गुलशन गेटबाहेर आला होता, म्हणून लागला.

"गुलशन, खाली स्प्रिंगचा तुकडा दिसला तर हात नोको लावू! सायबाले बोलव, माझं नाव सांग!"

पलीकडून हसू आलं. "तो तुकडा? सकारीच भेटला ना बे. सायबाले दिसायच्या आत उचलून टाकलो. तुझ्यावरच आलं असतं ना सगळं! काऊन, काही झालं का?"