दत्तूच्या गाडयेत कोण बसता?

गायीचा शोध टॅक्सी संघटनेच्या बैठकीत लागला.

अपघात एप्रिलमधला आणि बैठक जूनमधली, त्यामुळे मधले दोन महिने ती गाय कुठे चरत होती हे तिलाच ठाऊक. अध्यक्ष हरिश्चंद्र परुळेकर यांनी मात्र तिला कट्टा गावच्या बाजाराआधीच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध नेऊन उभी केली. मग ठराव मांडला, की आपला सभासद दत्तप्रसाद ऊर्फ दत्तू याने गोमातेचा जीव वाचवण्यासाठी स्टिअरिंग फिरवलं आणि म्हणून त्याची टॅक्सी बसथांब्यात शिरली. ठराव एकमताने मंजूर झाला. दत्तूनेही हात वर केला. त्याला ही हकिगत नवीनच होती, आणि ऐकताना त्याचे डोळे भरून आले होते.

हे संचिताच्या कानावर आलं तेव्हा ती आईला कुशीवर वळवत होती. सुभद्राबाई त्या दिवशी दत्तूच्या टॅक्सीत मधल्या सीटवर होत्या. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळी बसली. चतुर्थीला गावातल्या फुगड्यांचा फेर धरणारी ही बाई आता संडासाला जायचं तरी लेकीला हाक मारायची, आणि हाक मारायच्या आधी चार वेळा विचार करायची.

"खंयची गाय गो?" आईने विचारलं.

"संघटनेची," संचिता म्हणाली आणि हातातला टॉवेल असा पिळला, की टॉवेलचीच दया यावी.

खरं काय ते पोलिसांच्या यंत्राने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. दत्तूने फुंकल्यावर जो आकडा आला, तो बघून हवालदाराला वाटलं यंत्र बिघडलं. खात्री करायला त्याने स्वतः फुंकलं. शून्य. मग दत्तूला परत फुंकायला लावलं, तर आकडा आणखी वाढला. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दत्तूच्या रक्ताचा दवाखान्यातून जो रिपोर्ट आला, त्यात दारूत थोडं रक्त सापडलं असं म्हणणं जास्त बरोबर झालं असतं.

संघटनेचं यावर म्हणणं असं, की दत्तूने दारू नव्हे, गावठी हुर्राक घेतली होती, आणि हुर्राक म्हणजे काय, तर काजूचा रस. उद्या लोक काजूचे बोंडू खातील, त्यांनाही आत टाकणार काय?

गंमत अशी, की दत्तूची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी कसालजवळ सापडला होता. तेव्हा कोर्टाने दंड करून सोडला, तर संघटनेने स्टँडवर बॅनर लावला: 'संकटातून सुखरूप बाहेर आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शाल, नारळ, फोटो. फोटोत सत्कारमूर्ती शेजारच्या माणसाच्या खांद्यावर रेलून उभी आहे. पण दुसऱ्या वेळेला कायदा वेगळा बोलतो. दोन वर्षांपर्यंत तुरुंग, लायसन कायमचं जाऊ शकतं, टॅक्सीचं परमिट जाऊ शकतं. शिवाय माणूस जखमी केल्याचं कलम निराळं. लायसन तर आरटीओने या अपघातानंतर लगेच निलंबित केलं होतं. रक्ताचा रिपोर्ट खोटा पाडणं वकिलाला जमेल असं वाटत नव्हतं. निदान अपघात तरी गायीच्या अंगावर जावा म्हणून सगळ्यांना साक्षीला सुभद्राबाई हव्या होत्या. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या 'गाय होती', तर गाय होती.

आणि त्या म्हणतील की काय, हीच संचिताला धास्ती होती. दत्तू आईच्या माहेरच्या शेजारचा. लहानपणी आईने त्याला कडेवर फिरवलेला. तो आईला मोठ्या बहिणीसारखं बाय म्हणायचा. दवाखान्यात येऊन तिच्या पायाशी इतका रडला होता, की नर्सने त्याला पेशंट समजून ताप बघितला.

"आये, कोर्टात काय सांगतलंस?"

"बघूया."

"बघूया काय? तुझो पाय मोडलो, गायीचो नाय!"

"तेच्या पोरांक कोण बघीत गो?"

"माका कोण बघता?" संचिता ओरडली आणि मग स्वतःच्याच आवाजाला घाबरून कसालला ड्युटीवर गेली. ती तिथल्या औषधांच्या दुकानात होती. त्या दिवशी तिने खोकल्याचं औषध मागणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "गाडी चालवता? मग झोपेचं देत नाही."

साक्षीची तारीख आली. आदल्या दिवशी, रविवारी सकाळीच हरिश्चंद्र घरी आला. बरोबर संघटनेचे आठ-दहा जण आणि किशोरी, त्याची बायको. ती खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली होती आणि तोंडावरून वाटत होतं, की वड्यांसकट तिला जबरदस्तीने आणलं असावं.

"सुभद्रावयनी, भांडण नको," हरिश्चंद्र म्हणाला. "तुमचा चेडू, ह्या संचिता, आमच्यार विश्वास ठेवणा नाय. पोलिसांच्या यंत्रार आमचो विश्वास नाय. मगे देवाक इचारूया. कौल घेवया. देव सांगात ता तुमका मान्य, आमका मान्य."

संचिता काही बोलायच्या आत आईने मान हलवली. देवाला नको कोण म्हणणार?

अशा रीतीने मोटार वाहन कायद्याचा प्रश्न त्याच सकाळी गावच्या देवळात गेला. सुभद्राबाईंना खुर्चीसकट उचलून नेलं. ज्या गाडीला अपघात झाला होता तीच गाडी बाहेर उभी होती. संघटनेने वर्गणी काढून पत्रा ठोकून, रंग मारून नवीकोरी केली होती. आईच्या सळीसाठी वर्गणी निघाली नव्हती, कारण सळी संघटनेची सभासद नव्हती.

बाबू गुरवाने देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला हा!"

"व्हय म्हाराजा!"

"लोक म्हणतत, ह्यो दत्तू दारू पियान गाडी चलवी होतो!"

"व्हय म्हाराजा!"

"अरे, हयसर व्हय म्हणा नको!" हरिश्चंद्र मागे वळून दबक्या आवाजात खेकसला.

"तर म्हाराजा, तो त्या दिसाक पियालेलो नसात, तर उजवो कळो दी!"

उजवी कळी हलली, घसरली आणि पडली.

संघटनेने असा गजर केला, की शेजारच्या आमराईतली वटवाघळं उठली. सुभद्राबाईंनी हात जोडले. "देवाची मर्जी," त्या हळूच म्हणाल्या, आणि संचिताला दिसलं की संपलं. उद्या आई कोर्टात गाय सांगणार.

गुरवाचा अंगठा डावीकडे जरा जास्त दाबला गेला होता का, ते संचिताने पाहिलं नव्हतं. त्यावर तिला भांडायचंही नव्हतं. तिचा आवाज विचित्र शांत निघाला.

"बरा. देवान सांगल्यान, दत्तूमामा पियालेलो नव्हतो. मी ऐकलंय. म्हणजे डायवर चांगलो आसा, गाडीय नवी आसा. चला तर, कुणकेश्वराक जावन दर्शन घेवन येवया. दत्तूमामा चलवतलो. पोराटोरांक घेवन सगळ्यांनी बसा."

कुणी हललं नाही.

"बसा मां! देवाचो कौल आसा."

संघटनेचा खजिनदार म्हणाला, "माका गाडी लागता." हा वीस वर्षं टॅक्सी चालवत होता.

दुसऱ्याला एकाएकी उपास आठवला. त्याच्या हातातली वडी त्याने खिशात टाकली.

तिसरा म्हणाला, "तुमी फुडे व्हा, मी माझ्या गाडयेन मागसून येतंय. लय मागसून."

"बाबूकाका, तुमी?"

गुरवाने घसा साफ केला. "कौल त्या दिसाचो आसा बाय. आजचो येगळो घालूचो लागतलो."

संचिताने हरिश्चंद्राकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अध्यक्षाने छाती पुढे काढली. "भियाचा काय आसा तेच्यात? आमची किशोरी बसात."

"मी?" किशोरी म्हणाली. "विमो तुमचो आसा. तुमी बसा."

"अगो..."

"बसा! मी वड्ये करून आणल्यंय, जीव करून आणूक नाय."

देवळात जमलेल्या बायका हसल्या. हरिश्चंद्राच्या मानेवर घाम आला. त्याने गाडीकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, आणि मग, माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो, तसा त्याने कायदा धरला.

"ह्या बेकायदेशीर आसा!" तो गरजला. "दत्तूचा लायसन निलंबित आसा! मी अध्यक्ष आसय. मी कायदो मोडूचंय नाय आणि कोणाक मोडूक देवचंय नाय!"

"कित्याक निलंबित?" संचिताने विचारलं.

"कित्याक म्हणजे? दारू पियान गाडी चलवल्यान म्हणान!"

"व्हय म्हाराजा," मागून कुणीतरी सवयीने म्हणालं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"चला! बसा बेगीन! कुणकेश्वर, कुणकेश्वर!"

दत्तू गाडीत बसला होता. कुणकेश्वराचं नाव ऐकल्याबरोबर तो भाडं समजून देवळातून उठला होता आणि गाडीचं दार उघडून मधल्या सीटवर जाऊन बसला होता. दोन्ही हात पुढे धरून तो नसलेलं स्टिअरिंग चाचपत होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि वास देवळाच्या पायरीपर्यंत येत होता.

सुभद्राबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो त्यांच्याच जागेवर बसला होता.

"आये," संचिता म्हणाली.

"गप रव." आईने हात जोडलेलेच ठेवून पाषाणाकडे बघितलं. "देवा, तू तेका माफ केलंस आसात तर तुझा तू बघ. तू मोठो आसस. पण कोर्टान माका इचारल्यान आसा. माका बघलंय ताच सांगूचा लागतला."

"सुभद्रावयनी, कौल..." हरिश्चंद्राने तोंड उघडलं.

"तू बसलंस काय गाडयेत?" आईने विचारलं. "नाय मां? मगे."

दुसऱ्या दिवशी कोर्टात आईला उभं राहता येईना म्हणून साक्षीला खुर्ची दिली. शपथ प्रमाण मराठीत झाली, आणि तिथून पुढे आई आपल्या भाषेवर आली. दत्तूचा वकील तरुण होता, कोट नवा होता.

"बाई, त्या वळणावर गाय होती, हे खरं की नाही?"

"गाय नव्हती. थांबो होतो."

"आरोपीने हॉर्न वाजवला होता ना?"

"वाजवल्यान मां. थांब्याक वाजवल्यान. थांबो काय हलाक नाय. मगे तेना मान भायर काढून तेका गाळी घातल्यान. 'बाजूक हो मेल्या, आंधळो आसस काय?' म्हणालो."

कोर्टात हसू फुटलं. मागचे संघटनावाले हसले, शिपाई हसला, वकिलाने कागदाआड तोंड लपवलं. न्यायाधीशबाईंनी खाली मान घातली.

"हसतास कित्याक?" आई म्हणाली.

ती ओरडली नव्हती. तरी हसू थांबलं.

"थंय शाळेची पोरां उभी होती. एसटी इली आणि तेंका घेवन गेली. आमी वळणार होतंव, तेवा माका ती एसटी फुडे जाताना दिसली. दत्तूक ती दिसाक नाय. मी थांब्यात पडलंय, तेवा कोणाची तरी डब्याची पिशी माझ्या तोंडाम्होरे होती. इसरान गेलेली. डबो गरम होतो." ती मागच्या बाकांकडे वळली. "आता हसा."

वकील कागद मिटून खाली बसला.

निकाल काही तारखांनी लागला. वर्षभराची कैद, दंड, लायसन रद्द. परमिटचं काय करायचं ते आरटीओने ठरवायचं. दत्तूने पोलिसाला विचारलं, "म्हणजे आता माका गाडी चलवूक गावची नाय?" पोलीस म्हणाला, "नाही." दत्तू इतक्या वेळाने पहिल्यांदा शुद्धीत आल्यासारखा दिसला. बाकावर बसलेल्या सुभद्राबाईंनी पदराने डोळे पुसले. संचिताने पुसले नाहीत. तिला अजून राग येत होता, आणि तो कमी होईल असं तिला वाटलं होतं, याचा तिला आणखी राग आला.

संचिताने आईला व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं. बाहेर हरिश्चंद्र उभा होता. "झाला मां समाधान?" तो म्हणाला. "एका गरिबाचा घर बसला."

जेवणाच्या सुट्टीत अध्यक्ष कुठे जाऊन आले होते, ते त्या एका वाक्याच्या वासात कळलं. हातात गाडीची किल्ली फिरत होती.

"खंय चललास?" संचिताने विचारलं.

"भाडा आसा माका, तारकर्लीचा. टुरिस्ट लोक वाट बघतत."

तो आपल्या टॅक्सीत बसला. दार लावलं, काच खाली केली. संचिता गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, बोनेटला पोट टेकवून.

"बाजूक हो गो."

"आदी फुंका."

"काय फुंका? तू काय पोलीस आसस?"

"नाय. पोलीस आत आसा. आये, तेका हाक मार!"

आईने हाक मारली. फुगडीच्या फेरात पलीकडच्या वाडीपर्यंत जायची, ती हाक. कोर्टाच्या व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. हरिश्चंद्राने हॉर्नवर तळहात दाबला आणि तसाच दाबून धरला.

संचिता हलली नाही.