पिवळ्या पानावरची आई

सुरेखाचा ब्लॉग सुरुवातीपासून एकाच अवतारात होता. सायीच्या रंगाचं पान, वर मरून पट्टी, काळी अक्षरं. नवरात्रात ऑफिसातल्या बायकांच्या ग्रुपवर रोजचा रंग ठरला, तेव्हा तिला वाटलं, आपण रंगाप्रमाणं साडी नेसतो, मग ब्लॉगनं काय घोडं मारलंय? तेव्हापासून रोज सकाळी आधी ब्लॉग नेसायचा, मग ती.

ग्रुपवर ब्लॉगच्या फोटोला बदाम पडायचे. वाचत कुणी नव्हतं, पण रंग जुळलाय की नाही यावर सगळ्यांचं बारीक लक्ष होतं.

पिवळ्याच्या दिवशी तिनं आईवर लिहिलं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि इतके दिवस ते लिहायला जमत नव्हतं. अक्षरं पांढरी ठेवली, कारण सणासुदीला काळं बरं दिसत नाही. त्या दिवशी बदामांचा पाऊस पडला. ‘काय गोड पिवळा गं!’ असंही कुणीतरी लिहिलं.

पण सुरेखा वाट बघत होती शमशादआपांची. देवगाव रंगारीच्या या निवृत्त शिक्षिका प्रत्येक लेखाखाली न चुकता दोन ओळी लिहायच्या. भेट कधी झाली नव्हती, अधूनमधून फोन व्हायचा. आई कागदावर नीट उतरली का, हे तिला त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं. हिरवा गेला, राखाडी गेला, तरी आपा गप्पच.

“अहो, माझं काही चुकलं का त्या लेखात?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“वाचायचा प्रयत्न केला होता,” सुदर्शन म्हणाला. “पिवळ्यावर पांढरं. उन्हात चांदण्या मोजल्यासारखं वाटलं. म्हटलं, तुझा उपास आहे, कशाला बोला.”

जांभळ्याच्या दिवशी तिनं आपांना फोन लावला.

“आपा, रागावलात का?”

“या अल्ला, तू आहेस व्हय? मला वाटलं ब्लॉग विकला कुणाला! रोज येते अन् दारातूनच माघारी जाते. कधी भगवं, कधी लाल. म्हटलं, हितं साड्यांचं दुकान निघालं. एक दिवस तर पिवळं धमक! जाहिरात समजून झटकन बंद केलं. मोबाइल बिघडला तर सून ओरडते.”

“त्या पिवळ्यात आई होती, आपा.”

आपा हळूच म्हणाल्या, “मग असं झगमगीत कशाला नेसवलंस तिला?”

सुरेखानं फोन ठेवला आणि पान सायीचं केलं, पट्टी मरून, अक्षरं काळी. ग्रुपवर लगेच चौकशी आली, ‘आज जांभळा ना? विसरलीस?’

‘साडी जांभळीच आहे,’ तिनं कळवलं.

सुदर्शननं जेवताना लेख वाचला, आणि वरणात मीठ नाही हे सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी लेखाखाली आपा आल्या. ‘दोनदा वाचलं. पिठाच्या हातानं फोन कानाला लावणारी तुझी आई मला दिसली. शेवटचा परिच्छेद मात्र काढ. तिथं आई नाही, तूच रडवायला बसलीयस.’

सुरेखानं तो परिच्छेद पुन्हा वाचला. खरंच बसली होती. तिनं डोळे पुसले आणि तो काढून टाकला.