अडकलेले तीन रुपये

तीन रुपयांसाठी माणूस चोर ठरतो का हो कधी? ठरतो की! लखनौला विकास नगरच्या सरकारी क्वार्टरात राहणारे दादाराव तायडे ठरले होते, आणि तेही खाकी पाकिटात घालून, जावक क्रमांकासकट.

दादाराव टेलिफोनच्या खात्यात मेकॅनिक. रुपया टाकून बोलायचे जे फोन रस्त्यावर असतात ना, त्यांच्या पेट्या उघडायच्या, नाणी थैलीत भरून ऑफिसात द्यायची आणि फोन अडला की तो सुरू करायचा, हे त्यांचं काम. फोन अडतो तो बहुतेक वेळा एखाद्या वाकड्या नाण्यानंच. निशातगंजच्या एका फोनमध्ये महिन्याभरात अशी तीन नाणी अडकली. दादारावांनी ती चिमट्यानं काढली आणि बाकीच्या नाण्यांबरोबर जमा केली. दुसरा कोणी असता तर गटारात भिरकावून मोकळा झाला असता. पण हा बाबा बावीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसातली पेन्सिलसुद्धा घरी न आणणारा! कॅश मोजणाऱ्यानं ती तिन्ही बाजूला काढली आणि वरच्या सक्सेना साहेबांनी पत्र धाडलं. खरी नाणी काढून त्या जागी खोटी घातल्याचा संशय आहे, लेखी खुलासा द्या. वर तोंडी सांगितलं ते वेगळंच. ही नाणी घेऊन जा, बदल्यात तीन रुपये भरा, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहून द्या, प्रकरण मिटलं.

पत्र वाचलं आणि त्यांच्या बायकोच्या, शैलाच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

"देतो लिहून," दादाराव बूट काढता काढता म्हणाले. "तीन रुपयांचं काय घेऊन बसलीस?"

"रुपये गेले खड्ड्यात! चोर म्हणतोय तो तुम्हाला, आणि तुम्ही खाली सही करणार?"

"मम्मी, जाने दो ना यार," भावना पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. ती बी.एस्सी.ला होती. मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. "पापा का प्रमोशन फँस जाएगा."

"यार कोणाला म्हणतेस गं? आणि प्रमोशनच्या वेळी त्याच दोन ओळी फाइलमधून काढतील, तेव्हा काय करशील? अहो, तुम्हीच सांगा, चोरी करणारा माणूस खोटी नाणी आपल्याच थैलीत घालून साहेबाच्या टेबलावर कशाला नेऊन ठेवेल? एवढी तरी अक्कल असते चोराला!"

दादाराव गप्प बसले. ते नेहमीच गप्प बसायचे. अकोल्याहून आले तेव्हा पहिल्याच दिवशी ऑफिसात कोणीतरी राखीव जागेवरून टोमणा मारत "कोटे से आए हो?" असं विचारलं होतं, तेव्हाही ते गप्पच बसले होते. शैलाला ती गोष्ट लग्नानंतर चार वर्षांनी कळली आणि दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

तिनं नाणी ओट्यावर ओळीनं मांडली आणि शेजारी पर्समधला एक चांगला रुपया ठेवला. बघते तर काय, तिघांच्या तीन तऱ्हा! पहिलं चांगल्या रुपयापेक्षा मोठं आणि पसरट, काठच नाही त्याला. दुसरं एका बाजूनं उंदरानं भाकरी कुरतडावी तसं गोलसर तुटलेलं. तिसरं दिसायला सरळ, पण काळवंडलेलं. नाणी पाडणारा एकच असता तर त्यानं तिन्ही एकसारखी पाडली असती. इथे काहीतरी वेगळंच आहे, एवढं तिला कळलं.

"चौक बाजारात जाऊन येते उद्या," ती म्हणाली. "तिथे जुनी नाणी विकणारे बसतात."

"कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"अवलक्षण घरी येऊन बसलंय आधीच."

चौकात कैसर मियाँचं दुकान म्हणजे भिंतीतलं एक कपाट आणि पुढे पाट. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पहिलं नाणं उचललं आणि बराच वेळ खालीच ठेवलं नाही. मग हळूच म्हणाले, "बहनजी, नक़ली किसने कहा? ये तो टकसाल की भूल है."

मग त्यांनी समजावून दिलं. नाण्याची चकती एका कड्यात बसवून वरून ठसा मारतात. कडं बसलं नाही की धातू चौफेर पसरतो, नाणं मोठं होतं आणि काठ उठत नाही. वजन मात्र तेवढंच राहतं. हातोडीनं ठोकून कोणी नाणं पसरवलं तर अक्षरं चेपतात. इथे अक्षरं कशी धारदार आहेत, बघा. दुसऱ्याची गंमत आणखी और. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर कातर पडली की चकतीला असा घास घेतल्यासारखा होतो. खरं-खोटं ओळखायचं तर तुटलेला भाग बघायचाच नाही, त्याच्या बरोबर समोरचा काठ बघायचा. टांकसाळीतून तुटून आलेल्या चकतीचा समोरचा काठ पुसट उठतो. कात्री चालवणाऱ्याला ते साधत नाही.

"आणि तिसरं?"

मियाँनी ते दुकानाच्या दगडी पायरीवर टाकलं. ठप्प! चांगला रुपया टाकला तर खणकन वाजला.

"ये नक़ली है. सीसे का."

शिशाचं! शैलाचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं तिन्ही खरी निघतील आणि साहेबाच्या तोंडावर मारता येतील. मियाँ पुढे बोलतच होते. पसरलेल्याचे तीनशे देतो, तुटलेल्याचे शंभर. चारशे रुपये! महिन्याच्या रेशनचा बराचसा भाग. खोटं कशाला सांगा, विकून टाकावीत असं शैलाच्या मनात क्षणभर येऊन गेलं. पण ही नाणी खात्याची. विकली तर सक्सेना बोलला तेच खरं झालं.

"विकायची नाहीत. तुम्ही आत्ता सांगितलं ते कागदावर लिहून द्या."

"वाह! लिख दूँ, और आप माल दूसरी दुकान पर ले जाएँ? बेचिए, तो लिख दूँ."

"अच्छा, मत लिखिए," शैला पाटाजवळ सरकली. "एक बार फिर दिखाइए. धीरे-धीरे."

मियाँ खो खो हसले. पण त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं आणि समोरचा पुसट काठ कसा शोधायचा ते चार वेळा दाखवलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शैला बघत राहिली. मग मियाँनी गल्ल्यातले पाचपन्नास रुपये तिच्यापुढे ओतले आणि त्यांतलं तुटकं नाणं शोधायला लावलं. तिनं दोन शोधली. एक कात्रीचं निघालं, आणि तेही तिनंच सांगितलं.

सोमवारी नवरा-बायको शेअर टेम्पोतून ऑफिसला निघाले. वाटेत दादाराव हळूच म्हणाले, "शैला, तिसरं राहू दे माझ्या खिशातच. दोनच दाखव. तो एक रुपया मी भरतो."

"एक लपवलं की तिन्ही खोटी ठरली. काढा ते खिशातलं."

त्यांनी काढून दिलं.

सक्सेना साहेबांनी आधी तिला बसायलाही सांगितलं नाही. ती उभ्यानंच बोलली. भावनाच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं भिंग टेबलावर ठेवलं, टपालाचं वजन करायचा काटा कारकुनाकडून मागून घेतला. पसरलेलं नाणं आणि चांगला रुपया, काटा सारखाच थांबला. अक्षरं दाखवली. कुरतडलेल्या नाण्याचा समोरचा काठ दाखवला. कारकून उठून आला, मग शेजारच्या टेबलावरचे दोघे आले. साहेबांनाही भिंगात डोकं घालावं लागलं. शेवटी तिनं तिसरं ठेवलं आणि काटा चांगल्या रुपयाच्या पुढे सरकला.

"ये तो नक़ली निकला!" साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांना हवं ते सापडलं होतं.

"निकला ना. मैं ही तो बता रही हूँ." हिंदीत सुरुवात केली खरी, पण राग चढला तशी शैला मराठीवर आली. "रस्त्यावरचा फोन आहे तो! येणारा-जाणारा कोणीही टाकेल. टाकणारा बोलून निघून गेला, आणि ज्यानं चिमट्यानं काढून तुमच्यापुढे आणून ठेवलं त्याला तुम्ही पत्र पाठवता? चोर सोडून संन्याशाला फाशी! तीन रुपये काय, या एकाचा एक रुपयाही आम्ही भरणार नाही. आणि दोन ओळीही मिळणार नाहीत."

भाषांतराची गरज कोणालाच पडली नाही. कारकुनानं घसा साफ करून विचारलं, "बहनजी, इनका कुछ मिलता भी है?"

"चौक में चार सौ लग चुके हैं. दोन्हीचे मिळून."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. हात टेबलावरून नाण्यांकडे आला. "अच्छा, अच्छा. ग़लतफ़हमी थी. छोड़ दीजिए यहीं, मैं जमा करवा दूँगा. चिट्ठी वापस समझिए."

शैलानं तिन्ही नाण्यांवर पंजा ठेवला.

"रसीद."

"तीन रुपये की रसीद?"

"तीन रुपये के लिए चोर कहा था साहब. तीन रुपये की रसीद भी बनती है. और चिट्ठी वापस, वो भी उसी पर लिखिए."

भिंगाभोवती जमलेले लोक हललेच नाहीत. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नाइलाजानं कागद ओढला आणि लिहिता लिहिता वाचू लागले, "दिनांक... का पत्र निरस्त. दादाराव तायडे, मैकेनिक, से तीन सिक्के प्राप्त..."

"साहब."

आवाज दारापाशी उभ्या असलेल्या दादारावांचा होता. बावीस वर्षांत त्या खोलीत तो इतका स्पष्ट कोणी ऐकला नव्हता. शैलानंही मान वळवून पाहिलं.

"नाम के आगे श्री लगाइए."

साहेबांचं पेन थांबलं. मग त्यांनी ओळ खोडली आणि पहिल्यापासून लिहायला घेतली.