पावणेतीन वार

मोहिनीची जीप केजहून दुपारी येणार होती, आणि भिवराबाईला एकच धास्ती होती. लेकीला ते लुगडं दिसायला नको.

मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी कापड फाडू नये, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मोहिनी पोटुशी असतानाच ऊसतोडीला गेली. तिकडं उसाच्या पाचटाच्या कोपीत बाळंत झाली तर दुपट्याला मऊ कापड कुठून मिळणार? म्हणून भिवराबाईनं आपलं धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं काढलं आणि पावणेतीन वार फाडलं. पाठवायच्या आधीच फोन आला. मुलगी झाली, पण रडलीच नाही.

त्याच दिवशी भिवराबाईनं सुई घेतली आणि तो तुकडा लुगड्याला परत जोडून टाकला.

मोहिनीची थोरली रोहिणी पाचवीत होती, आजीपाशी राहायची. शाळेतल्या बाईंनी घरातल्या वस्तूवर वजाबाकीचं उदाहरण करून आणायला सांगितलं होतं.

"आज्जे, लुगडं साडेआठ वार होतं, त्यातलं पावणेतीन तू फाडलं. आता अर्ध्यातून पाऊण जात न्हाई, मग आठातला एक फोडायचा..."

"पावणेसहा. पावकी-निमकीपासून औटकीपस्तोर पाढे पाठ हायेत माझे. तुझ्या बाईला येतात का, इचार. ठिव ती वही."

"मोजून बघा म्हणल्या बाई."

तिनं पेटीतून लुगडं काढून टेप लावलीसुद्धा. "आज्जे, हे तर साडेआठच भरतंय! दोन बोटं तेवढी कमी. चुकलं की तुझं!"

"कुणाचं चुकलं गं?"

दारात मोहिनी उभी होती, काखेत बोचकं. रोहिणीनं आईला बिलगून एका दमात सगळं गणित सांगितलं. भिवराबाईला तिचं तोंड धरता आलं नाही.

मोहिनी खाली बसली. शिवणीवरून तिचं बोट सावकाश फिरलं.

"कावून फाडलं होतं, माय?"

"दुपट्याला. माझंच चुकलं, बाई. आधीच कात्री लावली, माझ्यापायीच तिला..."

मोहिनीनं मान हलवली.

"मातीत ठेवताना टावेलात गुंडाळली तिला," ती म्हणाली. "लई खरबरीत होता, माय. हे असतं तर..."

भिवराबाईनं शिवणीचा दोरा दातानं तोडला आणि टाका टाका उसवला. मोहिनीनं तो तुकडा घडी घालून मांडीवर घेतला.

रोहिणीनं उरलेल्या कापडाला टेप लावली. बरोबर पावणेसहा भरलं. तिनं ते कुणालाच सांगितलं नाही.