ऐकण्याची इच्छा

अर्धांगाच्या झटक्यानंतर हेमाताईंची वाचा अडखळू लागली. तेव्हापासून पतीने, आनंदरावांनी, त्यांच्या सेवेत काही उणे पडू दिले नव्हते. सारे आयुष्य संस्कृतच्या अध्यापनात गेलेले. श्लोकाचा अर्धा चरण कानी पडला, की उरलेला आपोआप जिभेवर येई. पत्नीच्या अर्ध्या शब्दांनाही त्यांनी तोच न्याय लावला. त्या ‘पा’ म्हणत, की हे ‘पाणी’ म्हणून पेला पुढे करीत. गेले काही दिवस त्या ‘दे’ म्हणत; हे ‘देतो, देतो’ म्हणत दूध आणीत. हळूहळू त्यांचे बोलणेच कमी होत गेले. ‘बोलत्या ठेवा, नाहीतर आहे ती वाचाही जाईल,’ असे डॉक्टरांनी बजावले, आणि आनंदरावांच्या मनात भय येऊन बसले.

नवरात्रात त्यांची नात मैथिली डोंबिवलीहून नौपाड्याच्या घरी आली. ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आजीच्या उशाशी बसून तिचा अभ्यास चाले.

“काय घोकते आहेस?” आनंदरावांनी विचारले.

“परिचर्येचे सिद्धांत. मूळ संकल्पना चार, आजोबा. व्यक्ती, तिचा परिसर, तिचं आरोग्य आणि परिचर्या. मग सिद्धांतांचे प्रकार. महासिद्धांत अख्ख्या माणसाचा विचार करतो. मधला एखाद्याच गोष्टीचा, समजा वेदनेचा. आणि तिसरा सांगतो, ह्या खाटेवरच्या ह्या पेशंटसाठी नेमकं काय करायचं.”

“म्हणजे सूत्र, भाष्य आणि प्रयोग!”

“माझ्या पेपरात संस्कृत घुसवू नका हं, प्लीज!”

आनंदराव हसले. “बरं, तुझा महासिद्धांत काय म्हणतो?”

“एक म्हणतो, माणसाला जे स्वतः करता येतं, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. कमी पडेल तेवढंच आपण भरायचं.”

“ही तर कंजुषी झाली. सेवेला का माप असतं? आपला शब्द बघ किती उदार आहे. शुश्रूषा!”

“त्याचा अर्थ सेवाच ना?”

“तो रूढ अर्थ. मूळ धातू ‘श्रु’, म्हणजे ऐकणे. त्याचं हे इच्छार्थक रूप. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची...”

ते थांबले. मैथिलीला पुढचा शब्द ठाऊक होता. ती बोलली नाही. आजोबांकडे पाहत राहिली.

“...इच्छा,” बऱ्याच वेळाने ते स्वतःच म्हणाले.

तेवढ्यात खाटेवरून क्षीण स्वर आला. “दे...”

आनंदराव सवयीने उठू लागले. मैथिलीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते पुन्हा बसले आणि पत्नीच्या ओठांकडे पाहू लागले. ओठ थरथरले, मिटले, पुन्हा उघडले.

“...वी.”

देवी! इतके दिवस त्या देवी मागत होत्या, आणि हे दूध पाजत होते. दरवर्षी नवरात्रात दोघे मिळून जिथल्या देवीच्या दर्शनाला जात, ते ठिकाण आनंदरावांच्या जिभेच्या टोकाशी आले. त्यांनी ते तिथेच धरून ठेवले.

“टें... भी... ना...” हेमाताई दमल्या. डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला.

“...का.”

आनंदरावांचे डोळे भरून आले. “टेंभीनाक्याला जाऊ या. रिक्षा अगदी दाराशी आणतो. आणखी बोल ना, हेमा. मला ऐकायचं आहे.”

त्यांनी मान वळवून पतीकडे पाहिले. किती तरी दिवसांनी ओठांची एक कड हलली.

“दूध... न... को.”

“नको,” म्हणत आनंदराव बसून राहिले.